चित्र आले, आवाज नाही: लिनक्सवर टीव्ही ट्यूनर कार्ड बोलते करताना

लिनक्सवर टीव्ही ट्यूनर कार्ड बसवताना पडद्यावर चित्र आले की मुख्य काम झाले, असे आपण धरून चालतो. आवाजाचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते. चित्र आणि आवाज अँटेनाच्या एकाच वायरीतून कार्डात शिरतात, पण ट्यूनरच्या पत्र्याच्या डबीतून बाहेर पडल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. चित्र मुख्य चिपमधून पीसीआय बसवर (कार्ड आणि संगणक यांना जोडणाऱ्या मार्गावर) येते आणि तिथून थेट संगणकाच्या मेमरीत जाते. आवाजाच्या बाबतीत आधी त्याची वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून आणणारी रेडिओ लहर, सापडावी लागते, मग चिपमधला योग्य मार्ग उघडावा लागतो, मग तो वायरीने किंवा बसवरून साउंड कार्डापर्यंत पोहोचावा लागतो आणि शेवटी मिक्सरमध्ये (आवाजाच्या पातळ्या ठरवणाऱ्या कार्यक्रमात) त्याला जागा मिळावी लागते. यांपैकी कोणतीही कडी निसटली तरी ऐकू येते ती शांतताच, आणि त्या शांततेवरून कोणती कडी निसटली ते कळत नाही. म्हणून प्रत्येक कडी तिच्या पुढच्या कडीवर अवलंबून न राहता तपासायची, हा क्रम मी २०१० साली पुण्यात घरच्या संगणकावर पाळला. तो इतर कार्डांनाही लागू पडतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

संगणकावर उबंटू १०.०४ ही लिनक्स प्रणाली होती आणि तिचा कर्नल, म्हणजे गाभा, २.६.३२. कार्ड पीसीआय जातीचे होते आणि त्याच्या खोक्यावर विंडोज सोडून दुसऱ्या कोणत्याही प्रणालीचा उल्लेख नव्हता. अशा वेळी खोक्यावरचे नाव फारसे उपयोगी पडत नाही, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपची कार्डे विकली जात असत. लिनक्सच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती चिप. त्या काळातील बहुतेक ॲनालॉग कार्डे तीन घराण्यांत मोडत: ब्रुकट्रीच्या बीटी ८४८ आणि ८७८ चिपची, जी बीटीटीव्ही ड्रायव्हरवर चालतात, फिलिप्सच्या एसएए ७१३० ते ७१३५ या चिपची, जी एसएए ७१३४ ड्रायव्हरवर चालतात, आणि कोनेक्संटच्या सीएक्स २३८८० व तिच्या भावंडांची, जी सीएक्स ८८ ड्रायव्हरवर चालतात. पीसीआय कार्डांची यादी देणारा एलएसपीसीआय हा आदेश आकड्यांसह चालवल्यावर माझ्या कार्डाचा क्रमांक ११३१:७१३४ असा दिसला. पहिला भाग फिलिप्सचा आणि दुसरा चिपचा. ही माहिती आवाजासाठी निर्णायक असते, कारण ७१३० चिपमध्ये आवाज उलगडण्याची सोयच नाही आणि तिच्या कार्डातून आवाज फक्त बाहेरच्या वायरीने मिळतो. ७१३४ मात्र टीव्हीचा आवाज स्वतः उलगडते आणि तो आकड्यांच्या रूपात बसवर पाठवू शकते. आपली चिप ७१३० असेल, तर डिजिटल मार्गासाठी खटपट करण्यात अर्थ नाही.

संगणक सुरू झाल्यावर कर्नलच्या नोंदींत ड्रायव्हरने कार्ड ओळखता आले नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. चांगल्या कार्डावर ईप्रॉमची एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या कार्डाची ओळख सांगणारा उपक्रमांक साठवलेला असतो. ती नसली की ड्रायव्हर तुमचे अभिनंदन करून सांगतो, की उत्पादकाने ईप्रॉमचे काही सेंट वाचवले आहेत आणि त्यामुळे हे कार्ड आपोआप ओळखता येत नाही. मग ते ‘अज्ञात’ म्हणून शून्य क्रमांकाने नोंदले जाते आणि त्या नोंदीत ट्यूनरच नसल्याचे धरलेले असते. अशा वेळी कर्नलच्या दस्तऐवजांतील कार्डांची यादी उघडून योग्य क्रमांक आपण द्यायचा असतो.

या यादीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. कार्डाचा क्रमांक म्हणजे नुसते नाव नव्हे. त्या क्रमांकामागे ड्रायव्हरमध्ये एक तक्ता असतो: टीव्हीसाठी चित्राचा कोणता प्रवेश, आवाजाचा कोणता प्रवेश, आणि कार्डावरचे छोटे स्विच फिरवण्यासाठी चिपच्या कोणत्या पिनांवर कोणता आकडा पाठवायचा. चित्राचे प्रवेश अनेक कार्डांत सारखेच असतात, त्यामुळे दुसऱ्याच कार्डाचा क्रमांक दिला तरी चित्र बऱ्याचदा स्वच्छ येते. आवाजाचे प्रवेश आणि पिनांचे आकडे मात्र कार्डागणिक बदलतात. चित्र येते म्हणून क्रमांक बरोबर, हा निष्कर्ष धोक्याचा आहे आणि माझ्या मते आवाज न येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. माझ्या कार्डावर एका क्रमांकाने चित्र उत्तम आले आणि आवाज अजिबात आला नाही. शेवटी कार्ड बाहेर काढून त्याची मांडणी भिंगाखाली पाहिली आणि यादीतील कार्डांच्या छायाचित्रांशी ताडली, तेव्हा ती फ्लायव्हिडिओ ३००० या कार्डाच्या मांडणीशी जुळली. यादीत त्याचा क्रमांक २ आहे.

त्याच वेळी ट्यूनरच्या डबीवरचे लेबलही वाचून घेतले. त्यावर एफएम १२१६ एमई एमके ३ असे होते. ट्यूनरांच्या स्वतंत्र यादीत याचा क्रमांक ३८ आहे, तर फ्लायव्हिडिओ ३००० साठी ड्रायव्हर मूळात ५ क्रमांकाचा जुना फिलिप्स ट्यूनर धरतो. दोघांत फरक मोठा आहे. एफएम १२१६ एमईच्या डबीत टीडीए ९८८७ ही आणखी एक चिप असते. ती चित्राची ३८.९ मेगाहर्ट्झची आणि आवाजाची ३३.४ मेगाहर्ट्झची मध्यम वारंवारता हाताळते आणि तिला योग्य त्या सूचना मिळाल्याशिवाय आवाज मुख्य चिपकडे नीट पोहोचत नाही. मॉडप्रोब या आदेशाने ड्रायव्हरचे मोड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारा भाग) उतरवून कार्ड २ आणि ट्यूनर ३८ असे दोन्ही सांगून पुन्हा चढवल्यावर, कर्नलच्या नोंदींत टीडीए ९८८७ सापडल्याची ओळ आली. पहिली कडी बसल्याचा हा लेखी पुरावा होता.

पुढची कडी म्हणजे आवाजाची वाहक लहर. भारतात ॲनालॉग टीव्ही पाल या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीने येत असे, व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यावर पाल-बी आणि यूएचएफ या वरच्या पट्ट्यावर पाल-जी, आणि त्यात आवाजाची लहर चित्राच्या लहरीपेक्षा ५.५ मेगाहर्ट्झ वर असते. ब्रिटनच्या पाल-आय पद्धतीत हे अंतर ६ मेगाहर्ट्झ, चीनसारख्या देशांतील डी-के पद्धतीत ६.५ आणि अमेरिकेच्या एनटीएससीमध्ये ४.५ असते. पाल-आय आणि पाल-बी यांची रंगीत चित्राची रचना सारखी असल्याने चुकीच्या पाल प्रकारावरही चित्र दिसत राहते आणि आवाज मात्र हरवतो किंवा नुसती खरखर येते. एसएए ७१३४ ड्रायव्हरला ‘ऑडिओ डीबग’ हा पर्याय १ देऊन चढवले, की वाहिनी बदलल्यावर तो आवाजाची लहर कशी शोधतो ते नोंदींत उमटते. लहर सापडली तर ती किती मेगाहर्ट्झवर सापडली ते लिहिलेले असते. सापडली नाही तर शोध फसल्याचे आणि ठरलेली वारंवारता वापरत असल्याचे लिहिलेले असते. माझ्याकडे शोध कधी यशस्वी होई, कधी फसे. ट्यूनर मोड्यूलला ‘पाल’ या पर्यायातून बी असे निश्चित सांगितल्यावर ५.५ मेगाहर्ट्झची नोंद दर वेळी येऊ लागली. वाहिन्यांच्या तक्त्यासाठी पश्चिम युरोपचा तक्ता चालतो, कारण व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यात १७५.२५ मेगाहर्ट्झपासून सात-सात मेगाहर्ट्झच्या अंतराने जाणाऱ्या वाहिन्या आपल्याकडेही त्याच जागी होत्या.

या टप्प्यावर चाचणीसाठी मी केबलऐवजी साध्या अँटेनावर दूरदर्शन लावले. सिंहगडावरील मनोऱ्यावरून पुण्याला मिळणारे प्रक्षेपण प्रमाण पद्धतीचे होते, त्यामुळे दोष निघालाच तर तो आपल्या संगणकात आहे याची खात्री असे. स्थानिक केबलच्या जाळ्यात प्रत्येक वाहिनीसाठी वेगळा मॉड्युलेटर (चित्र आणि आवाज लहरीवर चढवणारे यंत्र) असतो आणि त्यातल्या आवाजाची पातळी प्रत्येकाची वेगळी लावलेली असते. काही वाहिन्यांचा आवाज खूपच बारीक, काहींचा फाटलेला. अशा वाहिनीवर चाचणी घेतली तर आपण निर्दोष ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसतो.

आता कार्डातून आवाज खरोखर बाहेर पडतो का, हे पाहायचे होते. त्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय अगदी साधा आहे: टीव्ही पाहण्याचा टीव्हीटाइम हा कार्यक्रम चालू ठेवून कार्डाच्या मागील ऑडिओ-आउट भोकात इअरफोन थेट लावायचा. इथे अल्सा (लिनक्सची ध्वनिव्यवस्था) नाही, मिक्सर नाही, साउंड कार्ड नाही. इअरफोनमध्ये आवाज आला तर अँटेनापासून कार्डाच्या भोकापर्यंतचे सर्व काही ठीक आहे आणि पुढचा शोध फक्त संगणकाच्या ध्वनिव्यवस्थेत करायचा आहे. नाही आला, तर मिक्सरला हात लावण्यात अर्थ नाही. ही एक चाचणी संपूर्ण प्रश्नाचे दोन स्वच्छ भाग करते आणि ती सुरुवातीलाच सांगितली जायला हवी असे मला मनापासून वाटते. माझ्या कार्डातून क्रमांक २ आणि ट्यूनर ३८ ठरल्यावर सह्याद्रीच्या बातम्या इअरफोनवर स्पष्ट ऐकू आल्या. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: टीव्हीचा कार्यक्रम बंद करताच ड्रायव्हर कार्ड मूक करतो, म्हणून ही चाचणी चित्र चालू असतानाच घ्यावी लागते.

त्यानंतर साडेतीन मिलिमीटरच्या दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरीने कार्डाचा ऑडिओ-आउट मदरबोर्डच्या निळ्या लाइन-इन भोकाला जोडला. टीव्हीटाइमची तेव्हाची आवृत्ती आवाज स्वतः वाहून नेत नसे. ती चित्र दाखवी, कार्डाचा मूकपणा काढी आणि मिक्सरमधील लाइनची पातळी कमी-जास्त करी, एवढेच. आवाज वायरीने जाणार हे तिने गृहीतच धरले होते. अल्साचा मिक्सर, म्हणजे अल्सामिक्सर, उघडल्यावर लाइनच्या पट्टीखाली मूक असल्याची दोन एमची खूण दिसली. नव्या बसवणीत अल्सा मिक्सरमधील अनेक पट्ट्या मूकच ठेवते. एम कळ दाबून ती उघडली आणि पातळी वाढवली. इथे प्लेबॅक आणि कॅप्चर या दोन बाजू वेगळ्या आहेत हे समजून घेणे आवश्यक आहे: लाइनचा आवाज स्पीकरवर ऐकायचा असेल तर प्लेबॅक बाजूची पट्टी, आणि ध्वनिमुद्रण करायचे असेल तर कॅप्चर बाजूची निवड. कॅप्चर उघडून स्पीकरवर आवाजाची वाट पाहणे व्यर्थ आहे.

मदरबोर्डवर तीनच भोके असतील तर आणखी एक बाब तपासावी. मिक्सरमध्ये ‘चॅनल मोड’ सहा वाहिन्यांवर ठेवलेला असेल तर निळे भोक आत येण्याचे न राहता मागच्या स्पीकरांसाठी बाहेर जाण्याचे होते. तो मोड दोन वाहिन्यांवर आणल्यावर टीव्हीचा आवाज स्पीकरवर आला. जमलेले सर्व अल्साकंट्रोलच्या ‘स्टोअर’ आदेशाने साठवून ठेवले. ज्याला फक्त टीव्ही पाहायचा आहे, त्याने इथेच थांबावे असे मी सांगेन. वायरीच्या मार्गात विलंब नाही, प्रोसेसरवर भार नाही, आणि कर्नल बदलला तरी तो बिघडत नाही.

मला मात्र कार्यक्रम मुद्रित करायचे होते, म्हणून बसवरचा मार्गही उघडायचा होता. त्यासाठी एसएए ७१३४-अल्सा हे वेगळे मोड्यूल आहे. ते चढलेले आहे की नाही हे चढलेल्या मोड्यूलांची यादी देणाऱ्या एलएसमॉडने पाहावे, नसल्यास चढवावे. ते चढल्यावर अल्साच्या कार्डांच्या यादीत एसएए ७१३४ हे नाव दुसऱ्या साउंड कार्डासारखे दिसू लागते, फक्त ते आवाज घेण्यापुरते असते, वाजवण्यासाठी नसते. त्याच्या मिक्सरमध्ये व्हिडिओ आणि दोन लाइन असे तीन स्रोत असतात. ट्यूनरच्या आवाजासाठी त्यातला व्हिडिओ कॅप्चरसाठी निवडावा लागतो. मग एरेकॉर्ड या मुद्रणाच्या आदेशाने आवाज घेऊन तो नळीने (एका आदेशाचे फलित थेट दुसऱ्याला देऊन) एप्ले या वाजवण्याच्या आदेशाकडे दिला, की वायरीशिवाय टीव्ही बोलतो. इथे नमुन्यांचा दर ठरलेला आहे: ट्यूनरचा आवाज ही चिप सेकंदाला ३२,००० नमुन्यांनीच देते. नेहमीच्या सवयीने ४४,१०० मागितले तर एरेकॉर्ड दर अचूक नसल्याची तक्रार करतो. दर ३२,०००, दोन वाहिन्या, सोळा बिट असे स्पष्ट मागितल्यावर आवाज निर्मळ आला. बफर, म्हणजे आवाज वाजण्याआधी साठवण्याची जागा, मोठा ठेवला तर निवेदकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. फार लहान ठेवला तर आवाज तुटतो. हा तोल प्रत्येक संगणकावर कानाने ऐकूनच साधावा लागतो.

एमप्लेअर या चित्र-आवाज वाजवणाऱ्या कार्यक्रमात हेच काम एका आदेशात होते, पण त्यातील दोन पर्याय सहज नजरेतून सुटतात. एक, ‘इमिजिएट मोड’ शून्य ठेवावा लागतो, अन्यथा एमप्लेअर कार्डाकडून आवाज घेतच नाही. दुसरा, ध्वनियंत्राचे नाव लिहिताना एचडब्ल्यू आणि १ यांच्यामध्ये नेहमीच्या अपूर्णविरामाऐवजी टिंब द्यावे लागते, कारण त्या आदेशात अपूर्णविराम पर्याय वेगळे करण्यासाठी राखलेला आहे.

मधल्या काळात यंत्र व्यस्त असल्याचा संदेश वारंवार येई. याचे कारण पल्सऑडिओ, म्हणजे सर्व कार्यक्रमांचा आवाज एकत्र करणारा अल्सावरचा थर. नवे ध्वनियंत्र दिसले की पल्सऑडिओ ते आपल्या ताब्यात घेते आणि मग एरेकॉर्डला ते थेट उघडता येत नाही. कोणता कार्यक्रम ते धरून बसला आहे हे फ्यूजर या आदेशाने दिसते. यावर दोन मार्ग आहेत: पल्सऑडिओच्या नियंत्रण खिडकीत संरचना या पानावर ट्यूनर कार्डाचे प्रोफाइल बंद करायचे, म्हणजे ते यंत्र अल्सासाठी मोकळे होते, किंवा पल्सऑडिओचेच लूपबॅक मोड्यूल वापरून ट्यूनरचा आवाज स्पीकरकडे वळवायचा. मी पहिला मार्ग निवडला, कारण मुद्रणासाठी मला ३२,००० चा मूळ आवाज मध्ये कोणीही दर न बदलता हवा होता.

सर्व पर्याय ईटीसीमधील मॉडप्रोब.डी फोल्डरात एका फाइलीत लिहून ठेवले: कार्ड २, ट्यूनर ३८, पाल बी. ट्यूनर कार्ड अल्साच्या यादीत पहिल्या जागी बसले, तर संगणकाचा बाकीचा सगळा आवाज त्याच्याकडे पाठवला जातो आणि हरवतो. उबंटूच्या अल्सा-बेस फाइलीत बीटी ८७एक्स, सीएक्स ८८ आणि एसएए ७१३४ या तिन्ही घराण्यांच्या ध्वनिमोड्यूलांना पहिली जागा घेऊ नये म्हणून उणे दोन क्रमांक आधीच दिलेला होता. ज्या वितरणात तो नसेल, तिथे मदरबोर्डच्या साउंड कार्डाला शून्य आणि ट्यूनरला एक असा क्रमांक स्वतः लिहावा.

पुढे केबलचे डिजिटलीकरण आले. मुंबई आणि दिल्लीसाठी ॲनालॉग केबल बंद होण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती, पुण्यासह दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३. सेट टॉप बॉक्स आल्यावर केबलची वायर ट्यूनरला लावण्यात काही अर्थ उरला नाही. बॉक्सचे पिवळे कंपोझिट टोक कार्डाच्या कंपोझिट प्रवेशाला जोडले आणि टीव्हीटाइममध्ये स्रोत बदलला. चित्र आले आणि आवाज पुन्हा गेला. या वेळी कारण शोधायला वेळ लागला नाही: कंपोझिट प्रवेशावर ट्यूनर, टीडीए ९८८७ आणि ५.५ मेगाहर्ट्झची लहर यांपैकी काहीच वाटेत नसते. क्रमांक २ च्या तक्त्यानुसार ड्रायव्हर अशा वेळी टीव्हीचा मार्ग बंद करून कार्डावरचा दुसरा लाइन प्रवेश उघडतो. बॉक्सची लाल-पांढरी टोके साडेतीन मिलिमीटरच्या पिनेत एकत्र करून कार्डाच्या ऑडिओ-इन भोकात लावली, मिक्सरमध्ये व्हिडिओऐवजी दुसरी लाइन निवडली, आणि आवाज आला.

ती टोके थेट मदरबोर्डच्या लाइन-इनमध्ये लावूनही भागले असते. नुसते पाहण्यासाठी तेच सोपे आहे. मुद्रणासाठी मात्र मी आवाज ट्यूनर कार्डातूनच घेत राहिलो. चित्र एका कार्डाच्या घड्याळाच्या स्फटिकावर आणि आवाज दुसऱ्याच्या स्फटिकावर मोजला गेला, तर दोन घड्याळांतील सूक्ष्म फरक साठत जातो आणि लांबलचक नाटकाच्या मुद्रणात शेवटी संवाद आणि ओठ यांची फारकत झालेली दिसते. एकाच कार्डाच्या घड्याळावर दोन्ही मोजले की संगीत नाटकाचे पूर्ण मुद्रण शेवटच्या पदापर्यंत जुळून राहते.